बाल्कनीला जाणारं यान

माझे सासरे कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टची विचारपूस करतात, मग माणसांची. दार लागताना कान देतात, वर जाताना डोळे मिटतात आणि बाहेर पडल्यावर निकाल सांगतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते आमच्या घरी आले आणि चप्पल काढता काढता माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या लिफ्टचा ब्रेक उशिरा लागतो, सोसायटीला कळवा." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे मी पास झाले होते, असं पुढे नवऱ्याने सांगितलं.

उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. बढाया मारण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही. शहरातली निम्मी माणसं मीच वर पोचवली, असं ते खुशाल सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली की उरलेल्या निम्म्यांकडे जिने होते, अशी पुस्ती जोडतात. आयुष्यात एकदाही त्यांचं काही चुकलेलं नाही. चुकलं असेल तर ते लिफ्टचं, विजेचं किंवा आत बसलेल्या माणसाचं. अशा माणसाबरोबर राहायला डोकं थंड लागतं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोन घेते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन घरी येते, त्यामुळे बाबांच्या बढाया मला आरामशीर वाटतात.

त्यांचं दुसरं वेड अवकाशाचं. ग्रह, तारे, यानं, परग्रहावरचे लोक, असलं काही पुस्तकात किंवा पडद्यावर दिसलं की ते जेवण विसरतात. आणि हे वेड असलेले ते एकटे नाहीत. त्यांचं अख्खं मंडळ आहे. दर आठवड्याला सलूनच्या सुट्टीच्या दिवशी ते सलूनमध्येच भरतं, कारण तिथल्या खुर्च्या गरागरा फिरतात आणि मागेपुढे होतात. त्या खुर्च्या पटकावण्यासाठी चांगली पोक्त माणसं वेळेआधी येऊन बसतात. सलूनवाला स्वतः सभासद आहे, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आहेत, शिवाय आणखी दहा-पंधरा जण. बाबा त्यांचे अध्यक्ष. त्यांना सगळे कमांडर म्हणतात. निवडणूक कधी झाली ते कोणालाच आठवत नाही. बाबांना विचारलं तर ते एकमताने झाली असं सांगतात.

या मंडळाची एक रीत आहे, आणि तिच्यामुळे त्यांचं नाव बऱ्यापैकी खराब झालेलं आहे. चित्रपटात अवकाशात एखादं यान धडामकन फुटलं, की मंडळाचे सगळे सभासद अंधारात एकदाच टाच जमिनीवर आपटतात. अवकाशात हवा नाही, आणि हवा नाही तर आवाजही नाही. तेव्हा तो धडाम आवाज म्हणजे शुद्ध थाप, आणि थापेचा निषेध झालाच पाहिजे. नव्या सभासदाला पहिला धडा हाच देतात. बाकीच्या प्रेक्षकांना अर्थातच हे पटत नाही. गावातल्या मोठ्या थिएटरचा मॅनेजर बॅटरी घेऊन या लोकांना दटावायला किती वेळा आला असेल, याची गणती नाही.

तोच मॅनेजर एकदा केस कापायला बसला आणि गळ्याला कापड बांधलेल्या अवस्थेत सलूनवाल्याला गळ घालू लागला. अवकाशावरचा मोठा चित्रपट येतोय, रविवारी सकाळी पहिला खेळ आहे, गर्दी व्हायला हवी. तुमच्या मंडळाने लॉबीत काहीतरी धमाल करावी. फक्त टाचा आपटू नयेत. सलूनवाल्याने त्याचे अर्धे केस तसेच सोडून बाबांना फोन लावला.

त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. सलूनवाल्याने परग्रहवासीयांची डोकी करायची ठरवली, त्याच्याकडे टोपांना तोटा नव्हता. बाईंनी आवाज गोळा करायचं कबूल केलं. आणि बाबांनी लिफ्ट मागितली. त्या थिएटरात बाल्कनीला जाणारी एक जुनी लिफ्ट आहे. कित्येक वर्षं ती बंद होती आणि थंड पेयांचे रिकामे खोके ठेवायला वापरात होती. चालू होती तेव्हा तिची देखभाल बाबांकडेच असे. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस लॉबीत पृथ्वीवर आत शिरेल आणि बाल्कनीत परग्रहावर उतरेल. मधलं सगळं लिफ्ट बघून घेईल. मॅनेजरला कल्पना इतकी आवडली की त्याने मालकीणबाईंना विचारून लिफ्ट कंपनीला दुरुस्तीचं कामही देऊन टाकलं.

इथे माझा नवरा मध्ये आला. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो, त्यामुळे त्याला साध्या स्टुलातही पुढचा अपघात दिसतो. आणि या वेळी त्याच्याकडे कारण होतं. वर्षभरापासून बाबांचा उजवा हात थरथरत होता. संध्याकाळी ते खुर्चीत बसले की मांडीवरचं वर्तमानपत्र आपोआप फडफडायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. नवऱ्याने परस्पर थिएटरात जाऊन मॅनेजरला बजावलं, की दुरुस्ती फक्त कंपनीची माणसं करतील आणि वडिलांना यंत्राला हात लावू द्यायचा नाही, त्यांचा हात थरथरतो. मग रात्री जेवताना त्याने हे बाबांना सांगितलं.

बाबांनी घास खाली ठेवला. काम करताना माझा हात हलत नाही, असं ते म्हणाले. पण ज्या माणसाने जन्मभर आपल्याला सर्दीसुद्धा झाली नाही असं सांगितलं, त्याच्या या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही कपडे घालून दारात उभे राहा ना. लोक फोटो काढतील. तुम्हीच तर कमांडर."

"मला शोकेसमध्ये ठेवू नका रे," बाबा म्हणाले.

एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. एकाचा, कारण तो बापाला शोभेची वस्तू करून टाकत होता, आणि दुसऱ्याचा, कारण त्याने इतक्या थापा मारून ठेवल्या होत्या की खरं बोललेलंही वाया जात होतं. पण खरं काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? अट मान्य केली नाही तर लिफ्टच मिळणार नव्हती. बाबांनी अट मान्य केली.

कंपनीचा माणूस काम करत असताना ते हाताची घडी घालून बाहेर उभे राहायचे. हात लावायला बंदी होती, तोंडाला नव्हती. तो बिचारा शेवटी कानात कापसाचे बोळे घालून काम करू लागला. काम मात्र चोख झालं. इतकी वर्षं खोके सांभाळलेली लिफ्ट लोण्यासारखी वर जाऊ लागली. धक्का नाही की खडखड नाही.

आता प्रवासाचा आराखडा ठरला. सुरुवातीला बाईंनी आणलेला यानाचा गडगडाट, लाल दिवे, जोरात पंखा. इथवर ठीक होतं. पण अर्ध्या वाटेवर वातावरण संपतं, आणि त्यानंतर बाबांनी आवाज करू द्यायला साफ नकार दिला. ज्या मंडळाने वर्षानुवर्षं टाचा आपटल्या, ते मंडळ स्वतःच्या यानात थाप मारणार का? आवाज बंद. बाहेर काळोखच असतो, म्हणून दिवे बंद. पंख्याचाही आवाज होतो, म्हणून पंखा बंद. वर पोचल्यावर मग एकदम उजेड. मी विचारलं, लोक घाबरणार नाहीत का? अवकाशात चाललेत, थोडं घाबरायलाच हवं, असं बाबा म्हणाले आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या मंडळात एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. यातच सगळं आलं.

यानाची पायलट म्हणून माझी नेमणूक झाली, कारण लोकांशी गोड बोलायची मला सवय आहे. रेनकोटच्या कापडाचा चंदेरी पोशाख शिवला होता. तो घातल्यावर मी पायलट कमी आणि गुंडाळलेला डबा जास्त दिसत होते.

रविवारी सकाळी लॉबीत मुंगीला पाऊल ठेवायला जागा नव्हती. सलूनवाल्याची हिरवी, जांभळी डोकी गर्दीतून फिरत होती, मुलं त्यांच्या मिशा ओढत होती. परग्रहवासीयांना मिशा कशा, असं एकाने विचारलं तेव्हा सलूनवाल्याने तिकडे न्हावी नसतात असं उत्तर दिलं. बाबा लिफ्टच्या दारात उभे होते. चंदेरी गणवेश, रुंद पट्टा, पट्ट्याला लटकवलेली पाने-पक्कड अशी खोटी हत्यारं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढत होते आणि बाबा प्रत्येकाला डाव्या हाताने सलाम करत होते. उजवा हात त्यांनी पट्ट्यात खुपसून ठेवला होता. नवरा थोड्या अंतरावर उभा राहून त्या हातावर नजर ठेवून होता.

पहिल्या फेरीचा मान मालकीणबाईंचा. त्या अंगाने भक्कम, गुडघ्यांनी कच्च्या. लिफ्ट बंद पडल्यापासून त्यांनी स्वतःच्या थिएटरची बाल्कनी पाहिली नव्हती. त्यांच्यामागून मॅनेजर आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं आत आलं. मी सरकती जाळी ओढली, गोड आवाजात स्वागत केलं आणि बटण दाबलं.

गडगडाट झकास झाला. जोडपं हसलं, मॅनेजरने मालकीणबाईंकडे अभिमानाने पाहिलं. मग मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, "प्रवासीहो, आता आपण वातावरण सोडत आहोत," आणि सगळं एकदम बंद केलं.

काळोख. शांतता. लिफ्ट इतकी गुळगुळीत चालली होती की ती चालते आहे हे पायालाही कळत नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अवकाश शांत असतं हे फक्त मंडळाला माहीत आहे. बाकीच्या जगाला लिफ्टमधला दिवा गेला, पंखा गेला आणि आवाज गेला की एकच गोष्ट कळते. नवी नवरी म्हणाली, "बंद पडली." मॅनेजर भिंत चाचपायला लागला. मी दिव्याच्या बटणापर्यंत पोचायच्या आत मालकीणबाईंनी जाळीला हात घातला आणि सगळ्या ताकदीनिशी ती बाजूला ओढली.

जाळी उघडली की लिफ्ट थांबते. ती थांबली. दिवा लावल्यावर दिसलं, जाळी रुळावरून निसटून तिरकी झाली होती. ती धड बंद होईना, आणि ती बंद झाल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. समोर नुसती भिंत होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

खालून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. मंडळ खूश झालं होतं. वरून काहीच आवाज येत नाही, म्हणजे अवकाश जमलं. मी ओरडत होते आणि खाली टाळ्या वाढत होत्या. पुढचं मला नंतर बाईंनी सांगितलं. टाळ्या न वाजवणारे एकटे बाबा होते. त्यांनी जाळी घसरल्याचा आवाज ऐकला होता. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, तेव्हा माझा आवाज खाली पोचला. कंपनीच्या माणसाला फोन झाला, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. बाबा जिन्याकडे वळले. नवरा आडवा आला.

"बाबा, तुम्ही नाही."

"मग तूही चल," बाबा म्हणाले आणि त्याला बाजूला करून चढायला लागले.

लिफ्टचं यंत्र वर छतापाशी एका खोलीत असतं. लिफ्ट अडकली की यंत्राची वीज बंद करून तिला हाताने हलवता येतं. एकाने ब्रेक अगदी जरासा सोडायचा आणि लगेच धरायचा, दुसऱ्याने मोठं चाक हातात ठेवायचं. ब्रेक जास्त सुटला तर लिफ्ट भलतीकडे धावते. हे सगळं मला बाबांनी जेवताना इतक्या वेळा ऐकवलेलं होतं की त्या दिवशी ते मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

डोक्यावरून बाबांची हाक आली. "सूनबाई, आत किती जण? अंगाने कसे?"

लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला तोल धरणारं वजन असतं. कोण जड, त्यावर लिफ्ट वर जायची का खाली हे ठरतं. प्रश्न अगदी रास्त होता, पण उत्तर कसं देणार? मी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खरं काय ते सांग."

"पाच जण," मी ओरडले. "चार बेताचे. आणि मालकीणबाई."

"कळलं," वरून आवाज आला. "तरी वरच येईल. जाळीपासून लांब उभे राहा."

मग सुरू झालं. बाबा म्हणायचे, "सोडतो," आणि लिफ्ट वीतभर वर सरकायची. "धरला," आणि थांबायची. पुन्हा सोडतो, पुन्हा धरला. मला भीती वाटत होती, पण पडण्याची नव्हे. ब्रेकवर कोणाचा हात आहे, ते मला आवाजावरून कळत होतं. एक जरी हिसका बसला असता, तरी आमच्या घरात बाबांनी पुन्हा कधी पाना उचलला नसता, आणि त्यांना कोणी उचलूही दिला नसता. उरलेलं आयुष्य त्यांनी खुर्चीत बसून वर्तमानपत्र फडफडताना पाहिलं असतं. मी भिंतीवरची एक रेघ धरून ठेवली होती. ती दर वेळी वीतभरच खाली जात होती. कमी नाही, जास्त नाही. नव्या नवरीने सुद्धा डोळे उघडले. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, की त्यांचा ड्रायव्हरही इतका सावकाश थांबत नाही.

बाल्कनीचं दार समोर आलं. सलूनवाला हिरवं डोकं घालून स्वागताला उभा होता. पाठ केलेलं परग्रहाच्या भाषेतलं भाषण त्याने पार घाबरलेल्या चेहऱ्याने म्हणून टाकलं, कारण दुसरं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि खाली पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मॅनेजर घाम पुसत म्हणाला, की चार माणसं बोलावून त्यांना खुर्चीसकट जिन्याने खाली नेता येईल.

"मला कोणी उचलून नेणार नाही," त्या म्हणाल्या. "जशी आले तशी जाईन."

म्हणजे लिफ्ट आत्ताच दुरुस्त व्हायला हवी होती. तेवढ्यात यंत्राच्या खोलीतून दोघं उतरून आले. बाबांचा चंदेरी गणवेश वंगणाने माखला होता आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता. नवरा पांढराफटक पडला होता. त्याने माझा दंड धरला तेव्हा त्याचेच हात थरथरत होते. त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं, "मी चाकाकडे बघतच नव्हतो. त्यांच्या हाताकडे बघत होतो. अगं, जरासुद्धा हलला नाही."

बाबांनी कोणाची परवानगी विचारली नाही. ते लिफ्टच्या दारात उकिडवे बसले आणि पट्ट्याची हत्यारं काढू लागले. आम्ही सगळे ती पुठ्ठ्याची समजत होतो. ती अस्सल लोखंडाची होती. नवरा ती बघत राहिला. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि उजेड धरला. या वेळी मी जवळ उभी होते. वाकलेला रूळ बाबांनी सरळ केला, जाळीचं करंगळीएवढं चाक चिमटीत धरलं आणि खाचेत बसवलं. सुईत दोरा ओवावा तसं ते पहिल्याच फटक्यात बसलं. बाबा खरं बोलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाची माफी मागावीशी वाटली, आणि तो ती मागू देणार नाही हेही माहीत होतं.

रिकाम्या लिफ्टमधून ते स्वतः खाली जाऊन वर आले. मग त्यांनी मला आवाज आणि दिवे शेवटपर्यंत चालू ठेवायला सांगितलं. एव्हाना जिन्याने वर आलेल्या विज्ञानाच्या बाई थक्क झाल्या. पण कमांडर, अवकाशात तर...

"बाई, ही लिफ्ट आहे," बाबा म्हणाले.

मंडळाच्या इतिहासात अशी माघार पहिलीच. घरी येईपर्यंत मात्र ती प्रवाशांची चूक ठरली होती, हेही सांगितलं पाहिजे.

मालकीणबाई गडगडाटात खाली आल्या. लॉबीतल्या लोकांना काय झालं हे कळलंच होतं, पण पळून कोणी गेलं नव्हतं. उलट रांग दुप्पट झाली होती. अडकून सुखरूप सुटता येतं, हे कळल्यावर लोकांना जास्तच हौस आली असावी. मालकीणबाईंनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. बाबा तिथेच होते, पुढचे प्रवासी गोळा होईपर्यंत दाराशी थांबले होते. उजवा हात अंगालगत सुटा सोडला होता आणि तो पुन्हा थरथरायला लागला होता. त्यांनी तो लपवला नाही.

मालकीणबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "ही लिफ्ट आता मी चालू ठेवणार आहे. बघायला माणूस हवा. पण यांना यंत्राला हात लावू देऊ नका, हात थरथरतो, असं मॅनेजरला सांगून गेलेले तुम्हीच ना?"

"मीच," नवरा म्हणाला. "थरथरतो. रिकामा असला की." त्याने बाबांकडे पाहिलं. "त्यांना रिकामं ठेवू नका, एवढंच."